दारू सोडली, पंगत नाही

पोळ्याची कर उजाडली की जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे जमू लागतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर निशाण बांधलेले असते, आणि ते कोण तोडून नेतो यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. या गोटमारीत माणसे मेली आहेत, डोळे गेले आहेत, हातपाय निकामी झाले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाही. जत्रेपुरती दारूची दुकाने बंद ठेवण्याचे आदेशही निघतात. खेळ संपल्यावर झाड चंडीमातेच्या देवळात जाते आणि दोन्ही काठ पुन्हा एकमेकांचे सोयरे होतात. गोटमार चालू राहावी की नाही हा वेगळा आणि गंभीर वाद आहे. इथे त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. या दोन काठांचे नाते दगड सोसून टिकलेले आहे. त्याच काठांवर मात्र ठामपणे सांगितले जाते की ज्याने पेला नाकारला त्याचे नाते टिकत नाही.

‘काऊन बे, आता आमच्यासंग बसत नाई का?’ दारू सोडलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतो. दुसऱ्या आठवड्यात ‘लय मोठा महाराज झाला’ येते. आणि तिसऱ्या आठवड्यापासून काहीच येत नाही, बोलावणेसुद्धा नाही. सावरगावात, पांढुर्ण्यात, सौंसरात, किंवा सीमेपलीकडच्या वरूड-मोर्शीत, दारू सोडू पाहणाऱ्याला खरी भीती वाटते ती या तिसऱ्या आठवड्याची.

ही भीती खोटी आहे असे म्हणून चालणार नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. मोठ्या शहरात माणूस मित्र बदलू शकतो. एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात गेला की कोणी ओळखत नाही. इथे तसे नाही. ज्याच्यासोबत संध्याकाळी बसायचे तोच सकाळी बांधाशेजारचा शेतकरी असतो, तोच नात्याने साळा असतो, त्याच्याच ट्रॅक्टरने नांगरणी करायची असते आणि पोरीच्या लग्नात त्याच्याकडूनच उसने घ्यायचे असतात. हळदीच्या रात्री मंडपामागे जे जमतात, तेच दुसऱ्या दिवशी वरात ओढतात. संत्र्याच्या बागेचा सौदा, भावाभावांतला वाटणीचा तिढा, सोयरिकीची पहिली चाचपणी, अशा कितीतरी गोष्टींना बाटलीभोवती सुरुवात होते. मग बाटली सोडणारा माणूस या सगळ्याच्या बाहेर पडतो, आणि बाहेर पडलेल्या माणसाचे गावात काही चालत नाही, असा हा युक्तिवाद आहे. जो माणूस चार वेळा सोडून पाचव्यांदा पुन्हा पितो, तो बहुतेक वेळा हाच युक्तिवाद मनात घेऊन पितो. म्हणून त्याचे खंडन नीट व्हायला हवे.

पहिली गोष्ट आकड्यांची. ‘सगळेच घेतात’ या समजावर हा युक्तिवाद उभा आहे, आणि तो समज चुकीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात असे आढळले, स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली २०१९ ची पाहणी अधिक मोठा आकडा देते, पुरुषांत सुमारे २७ टक्के. मोठा आकडा धरला तरी शंभरातले सत्तरहून अधिक पुरुष पीत नाहीत. म्हणजे दारू सोडणारा माणूस अल्पमतातून बहुमतात येतो. त्याला एकटे वाटते, कारण तो ज्या दहा जणांत बसत होता ते दहाही पिणारे होते आणि त्याने गाव म्हणजे तेवढे दहा जण असे धरले होते.

त्याच गावातल्या बायकांकडे कोणी पाहत नाही, हे या वादातले मोठे आश्चर्य. त्यांची हळदीकुंकवे, भिशी, महालक्ष्म्यांचे जेवण, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी, यांत पेल्याला कुठेच जागा नाही. त्यांची मैत्री उथळ असते, त्यांचे हसणे खोटे असते, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. आणि खुद्द कोजागिरी! रात्रभर जागायचे, गाणी म्हणायची, चंद्राखाली आटवलेले दूध प्यायचे. सबंध गावाचा रात्रभराचा आनंद दुधावर निभावून नेणारा सण ज्या समाजाजवळ आहे, त्याने ‘दारूशिवाय मजा येत नाही’ असे म्हणावे हे पटत नाही.

माळकऱ्याचे उदाहरण तर याहून जवळचे. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला लग्नात कोणी आग्रह करत नाही, टोमणा मारत नाही, त्याला पंगतीतून उठवत नाही. उलट त्याच्यासाठी वेगळे भांडे मांडले जाते. वऱ्हाडात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या या मराठी पट्ट्यात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणजे न पिणाऱ्या पुरुषाला मानाने सामावून घेणे हे गावाला येते. जमत नाही असे नाही. ज्याने माळ घातली नाही, फक्त डॉक्टरांनी सांगितले म्हणून किंवा बायकोच्या डोळ्यांत पाहवले नाही म्हणून सोडली, त्याला हा मान नाकारला जातो, एवढाच फरक. देवाचे कारण चालते आणि यकृताचे चालत नाही, या फरकाला कोणताही आधार नाही.

दुसरा युक्तिवाद असा की घेतल्यावर माणूस मोकळा होतो, मनातले बोलतो, आणि त्यातून मैत्री घट्ट होते. यात अर्धे सत्य आहे. मद्यार्क मेंदूतला लगाम सैल करतो हे खरे. पण तोच मद्यार्क जास्त झाला की नव्या आठवणी साठवण्याची मेंदूची क्रियाही बंद पाडतो. रात्री गळ्यात गळा घालून दिलेला शब्द सकाळी आठवत नाही याचे कारण तो शब्द मुळात साठवलाच गेलेला नसतो. ज्या बोलण्याची आठवण दोघांपैकी एकालाही उरत नाही, त्यावर मैत्री उभी राहते कशी? आणि लगाम सैल झाला की प्रेमाबरोबर जुने राग, हेवेदावे, जातीवरून बोललेले शब्दही बाहेर येतात. लग्नाच्या मंडपातली किती भांडणे मंडपामागून सुरू झाली, हे ज्याच्या त्याच्या गावाने आठवून पाहावे.

सौद्याचेही तेच. संत्र्याची उभी बाग व्यापाऱ्याला देताना झाडावरची फळे डोळ्यांनी तोलावी लागतात, बहार मृगाचा की आंबियाचा, गळ किती धरायची, इसार किती आणि बाकी पैसे केव्हा, हे सगळे त्या एका बैठकीत ठरते. अशा वेळी ज्याचे डोके ताळ्यावर आहे त्याचा फायदा होतो. दोघांपैकी कोणी पेला हातात धरून नुसताच ठेवत असेल, तर तो बहुधा शेतकरी नसतो.

‘थोडी घेतली तर काय होते’ याचे उत्तर थोडक्यात देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ज्याचे आधीच व्यसन झाले आहे त्याला तर ‘थोडी’ ही सोय उरलेलीच नसते.

मोहाची गोष्ट वेगळी मांडली पाहिजे. सातपुड्यातल्या गोंड आणि कोरकू समाजात मोहाचे फूल आणि त्याची दारू देवाच्या विधीत आहे, जन्म-मरणाच्या संस्कारांत आहे, आणि मध्य प्रदेशच्या अबकारी कायद्यानेही आदिवासींना घरापुरती ती काढण्याची सूट दिली आहे. बाहेरच्या माणसाने तिथे जाऊन प्रवचन करण्याचे कारण नाही. पण देवापुढे द्रोणातून वाहिलेल्या मोहाचा दाखला देऊन गावातल्या दुकानातून रोज संध्याकाळी क्वार्टर आणणारा माणूस ‘ही आपली परंपरा आहे’ म्हणू लागला, तर ते मान्य करता येत नाही.

परंपरेचाच विषय निघाला आहे तर या भागातला सर्वांत ठोस दाखला घ्यावा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मुलगा आजोळी गुरे राखत, शेती करत वाढला, त्याचे लग्न झाले, पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण घालायची रीत होती. ती रीत मोडणे म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणे. डेबूजीने बारसे टाळले नाही, जातभाईंना बोलावणे टाळले नाही. त्याने सगळ्यांना जेवायला बसवले आणि पानात गोडधोड वाढले. दारू नाही, मटण नाही.

पुढे १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले, हातात खराटा आणि मडके घेतले आणि ते गाडगेबाबा झाले. पण बारशाचा प्रसंग त्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेव्हा ते संत नव्हते, प्रसिद्ध नव्हते, त्यांच्यामागे हजारोंचा जनसमुदाय नव्हता. मामाच्या घरी राहणारा एक साधा शेतकरी होता तो, आणि त्याला उद्यापासून त्याच जातभाईंमध्ये नांदायचे होते. दारूने बाप गमावलेल्या माणसाने दारूवर राग धरून पंगतच मोडली असती तर कोणी दोष दिला नसता. त्याने पंगत ठेवली आणि फक्त वाढप बदलले. या लेखाचा सगळा पक्ष त्या एका कृतीत आहे.

अमरावती जिल्ह्यातल्याच मोझरीला १९३५ मध्ये आश्रम काढणाऱ्या तुकडोजी महाराजांनी हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने केली. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी असते. शेतातून परतलेला पुरुष हातपाय धुऊन ‘आता कुठे जायचे’ असा विचार करतो ती नेमकी हीच वेळ. त्या वेळी खंजिरी, भजन, चार माणसांचे बसणे आणि गावच्या कामाची चर्चा असे काही तयार असेल, तर दारूच्या दुकानाशिवाय जायला एक जागा मिळते. व्यसनमुक्तीची भाषणे अनेकांनी केली, संध्याकाळच्या त्या रिकाम्या तासाची सोय करणारे थोडे.

आता दोष फक्त पिणाऱ्यांना द्यायचा का? न पिणाऱ्या प्रतिष्ठितांचाही यात मोठा वाटा आहे, आणि तो मराठीत फार पूर्वी दाखवला गेला आहे. नागपूरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाताना वाटेत सावनेर लागते. तिथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. त्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे म्हणून सांगितले जाते. पण दारू आणि समाज यांच्या संबंधाचे त्याइतके नेमके चित्र दुसरे नाही. सुधाकर पहिला पेला घेतो तो अपमानाच्या दुःखात असताना, आणि त्याला तो देणारा तळीराम त्याचाच जवळचा. पिणाऱ्यांचे तर रीतसर आर्यमदिरामंडळ आहे, तिथे सदैव स्वागत आहे. पुढे सुधाकर खरोखर सोडायला निघतो, काम मागायला प्रतिष्ठितांकडे जातो, आणि त्याला झिडकारले जाते. परत घेणारे एकच दार उरते, मदिरामंडळाचे. शंभर वर्षांनंतरही ‘बेवड्याचा काय भरवसा’ म्हणून कामावर न घेणारा मालक, आणि ‘त्याला कशाला बोलावता, तमाशा करेल’ म्हणणारा सोयरा, तेच करत असतात. दारू सोडलेल्या माणसाला पिणाऱ्यांनी हाकलले आणि न पिणाऱ्यांनी घेतले नाही, तर त्याने उभे कुठे राहायचे?

कायद्यावर फार भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. १ एप्रिल २०२५ पासून धार्मिक महत्त्वाच्या १९ ठिकाणी दारूविक्री बंद झाली. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, तापीच्या उगमाचे मुलताई त्यांत आहे, म्हणजे पांढुर्ण्याच्या अगदी शेजारचे गाव. ही पावले चांगली आहेत. पण अहाता ही केवळ दारू प्यायची जागा नव्हती, ती पुरुषांची गप्पा मारायची जागा होती. ती बंद करताना गप्पांसाठी दुसरी जागा कोणी उघडली नाही. वाचनालय, तालीम, भजनी मंडळ, पारावरचा कट्टा, कॅरमची खोली, यातले काहीही चालेल. नसेल तर मैफल शेतातल्या खोपडीत हलते आणि कायद्याच्या नजरेआड जाते.

दुसऱ्या बाजूचा एक सल्लाही तपासावा लागतो. ‘जुनी संगत पूर्ण तोडा’ असे सोडणाऱ्याला सांगतात. सुरुवातीच्या महिन्यांपुरता तो योग्य आहे, हळदीच्या रात्रीचा मंडप त्या काळात टाळावाच. पण जन्मभरासाठी तो सल्ला गावात चालण्यासारखा नाही, आणि दारू सोडणाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या चळवळीचा इतिहास नेमका उलट आहे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अक्रन शहरात, न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा गृहस्थ हॉटेलात उभा होता. धंद्याचा बेत फसलेला, काही महिने दारूपासून दूर राहिलेला, आणि समोर हॉटेलचा बार. त्याने बारमध्ये जाण्याऐवजी दूरध्वनी करून या शहरात आपल्यासारखा दारूने पिडलेला दुसरा कोणी आहे का याचा शोध घेतला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघे तासन्‌तास बोलले. १० जून १९३५ या डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याच्या दिवसापासून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झाले असे मानतात. सोडण्यासाठी त्या माणसाला एकांत नको होता, सोबत हवी होती.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचेही सार हेच. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची त्याला मदत होती. तिथे उपचार एकट्या रुग्णावर होत नाहीत, बायकोलाही सोबत घेतात, तिचा वेगळा गट असतो, आणि घरी परतल्यावरही भेटी चालू राहतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ३१ डिसेंबरच्या रात्री ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकांत दूध वाटले, तेव्हा त्यांनीही नववर्षाचा जल्लोष बंद करा असे म्हटले नाही. जल्लोष राहू द्या, पेल्यात दूध घ्या, असे म्हटले. डेबूजीच्या बारशातलीच ही रीत.

म्हणून मंडनाचा पक्ष असा. सोडणाऱ्याने गावात राहावे, पंगतीत यावे, आणि त्याला तसे राहता यावे ही जबाबदारी यजमानाची. त्यासाठी फार खर्च लागत नाही. हिवाळ्यात शेतात रोडग्याचा बेत होतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. पंचवीस-पन्नास माणसे सकाळपासून राबतात, कणीक मळतात, आर सारखा करतात, वाफाळलेले रोडगे फोडतात. या कामातच इतकी मौज आहे की त्यात बाटलीची उणीव भासत नाही, भासते ती सवयीने. असे बेत वाढवावेत. लग्नात मंडपामागची सोय करण्यावर जो पैसा जातो तो जेवणाकडे वळवावा. कोणी ‘घेत नाही’ म्हटले की ते एकदाच म्हणायची वेळ त्याच्यावर यावी, तीनदा नाही. त्याच्या थंड पेयात गंमत म्हणून दारू मिसळणे हा गुन्ह्याइतकाच वाईट प्रकार आहे, आणि तो करणाऱ्याला मित्र म्हणू नये. सोडणाऱ्यानेही घरातून निघताना एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे, जेवणाच्या वेळेला जावे, जेवून निघावे. थांबायचे की नाही हे त्याने ठरवावे, इतरांनी नाही.

एक गोष्ट मात्र वैद्यकीय आहे आणि ती हट्टाने करू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे, आणि काही वेळा जीव जाणे इथपर्यंत गोष्ट जाते. अशा माणसाला पहिल्या दिवसापासून डॉक्टरांची देखरेख लागते. एम्सच्या त्याच पाहणीनुसार दारूचे पूर्ण व्यसन जडलेल्या अडतीस माणसांपैकी जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळते. उरलेले सदतीस एकटे झुंजतात, हरतात, आणि ‘मनाने कच्चा’ ठरतात. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर पैसे लागत नाहीत. तो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असावा.

तुळशीचे लग्न झाले की इकडे लग्नसराई सुरू होते. सावरगावातल्या, पांढुर्ण्यातल्या, सौंसरातल्या घरोघरी पाहुण्यांच्या याद्या होतील. ज्याने या वर्षी दारू सोडली आहे असा एखादा भाऊ, मेहुणा, जुना दोस्त प्रत्येक यादीच्या आसपास असेलच. त्याचे नाव गाळू नका. त्याच्या घरी स्वतः जाऊन पत्रिका द्या, वाढप्याची जबाबदारी त्याच्यावर टाका, आणि का सोडली हे त्याला विचारू नका.